भीतीचा वाटेकरी

भित्री माणसं मी आयुष्यात पुष्कळ पाहिली. भुताला भिणारी, साहेबाला भिणारी, बायकोला भिणारी. पण भीतीला रोज शेजारी ताट वाढून जेवायला बसवणारा माणूस एकच पाहिला. त्याचं नाव हारो. आमच्याकडे असलं नाव कुणी पोराला ठेवणार नाही, जन्मतःच हरला म्हणून. त्यांच्याकडे ते चांगलं घराण्यातलं नाव आहे म्हणे.

हा हारो जर्मनीतला. उत्तरेला त्यांची जमीन संपते आणि दर्या लागतो, तिथल्या एका लहानशा बंदरगावातला. धंदा कोळंबीचा. जातीनं फ्रीझ. हे फ्रीझ म्हणजे त्या किनाऱ्याचे मूळचे लोक, जसे आम्ही कोळी आमच्या किनाऱ्याचे. बोली निराळी, सरकारदरबारी गणतीही निराळी.

मी तिथं कसा, तर माझा मुलगा महेश मोटारींच्या कंपनीत इंजिनीयर. आधी इंगोलश्टाटला होता. तिथं मी एक उन्हाळा काढला. गाव चांगलं, पण दर्या नाही. नदीवर जाऊन बसायचो, तर तिला भरती नाही की सुकती नाही. सारखी एकाच बाजूला वाहते. बघून जीव विटला. पुढं कंपनीनं महेशला उत्तरेच्या मोठ्या बंदरात पाठवलं, मोटारी जहाजात चढवतात तिथं. राहायला घर मिळालं ते हारोच्या गावात. मग दर उन्हाळ्यात मी तीन महिने तिकडे जायचो. व्हिसाच तेवढा देतात. माझी शाळा चौथीपर्यंतची, पण उभं आयुष्य मी होडीवर तांडेल म्हणून, सुकाणू धरून काढलं, तेव्हा दर्याचं कुणी मला शिकवावं असं मला वाटत नव्हतं. अजूनही फारसं वाटत नाही.

पहिल्याच दिवशी तो मला बांधावर दिसला. गावाच्या आणि दर्याच्या मध्ये तिथं मातीचा मोठा बांध असतो, त्याच्यावर मेंढ्या चरतात. लख्ख उन्हात, कोरड्या जमिनीवर, मेंढ्यांच्या मधोमध हा उंच म्हातारा उभा, आणि अंगात नारिंगी जाकीट, बुडू नये म्हणून बोटीवर घालतात ते. मला हसू आलं. त्यानं ते पाहिलं, पण रागावला नाही. "मोइन," म्हणाला. तिकडे सकाळ असो की संध्याकाळ, भेटलं की मोइन. मीही मोइन म्हणालो. मग त्यानं माझे हात धरून उलटे केले, दोराचे घट्टे पाहिले, आपले दाखवले. झाली ओळख.

भाषेचं म्हणाल तर माझी सून प्राजक्ता पुण्याची. घरून कॉम्प्युटरवर काम करते आणि जर्मन फाडफाड बोलते. ती असली की मध्ये बसून इकडचं तिकडे सांगायची. नसली की आम्ही हातांनी बोलायचो. वारा, पाणी, जाळं, गाळ, एवढ्याला भाषा कशाला लागते.

त्याच्या तऱ्हा पुष्कळ. बोटीवर शीळ घालू द्यायचा नाही. निघणाऱ्याला कधी येणार म्हणून विचारायचा नाही, दर्या ऐकतो म्हणे. घरात रेडिओ लावायचा नाही, कारण तो लावला की बाहेरचं ऐकू येत नाही. बाहेरचं म्हणजे पाणी. बायको वारलेली. एक मुलगी, गेशे, तिशीतली, बापापेक्षा रुंद खांद्याची. बोट आता तीच चालवायची. ती परत येईपर्यंत हारो बांधावर. ती धक्क्याला लागली की हा घरात जाऊन दार लावून घ्यायचा, तिला भेटायचाही नाही. गेशे हसायची. म्हणायची, माझ्या बापाला मी पोहोचले एवढंच बघायचं असतं, कशी आहे ते नाही.

एकदा त्यानं आम्हाला चहाला बोलावलं. त्यांच्या चहात खडीसाखर घालतात. मला घरच्यासारखं वाटलं. कप रिकामा झाला की तो भरायचा. मी आपला पाहुणचार मोडू नये म्हणून पीत राहिलो. पोटात पाणी खळखळायला लागलं तरी हा ओततोच आहे. शेवटी प्राजक्ता म्हणाली, "अहो बाबा, चमचा कपात ठेवा, म्हणजे पुरे झालं असा अर्थ होतो. तुम्ही ठेवत नाही म्हणून तोही बिचारा ओततोय." मी चमचा ठेवला. हारोनं सुटल्यासारखा श्वास टाकला. त्याचं दूध संपत आलं होतं.

मग तो आम्हाला माळ्यावर घेऊन गेला. तिथं कौलांच्या खाली त्याचं अंथरूण, आणि उशाशी भिंतीला टांगलेली कुऱ्हाड. मी धारेवर बोट लावून पाहिलं, ताजी लावलेली होती. मला वाटलं चोरासाठी असेल. प्राजक्तानं विचारलं. तो सांगत गेला आणि तिचा आवाज बारीक होत गेला. हारो लहान असताना एका हिवाळ्यात बांध फुटला. घरातली सगळी माळ्यावर चढली, तर पाणीही मागोमाग चढलं. आतून छप्पर फोडायला हाताशी काही नव्हतं. शेजाऱ्यानं वरून फोडलं. आईनं हारोला वर दिलं. धाकटीला द्यायला आई उरली नव्हती.

त्यानं एवढंच सांगितलं. खाली आल्यावर मी पुन्हा त्याच्या जाकिटाला हसलो नाही.

मला मात्र स्वतःचं भय नव्हतं, आणि त्यातूनच ते चिखलाचं घडलं. तिथं सुकतीला पाणी इतकं लांब जातं की दर्या आहे कुठे असा प्रश्न पडावा. नुसता चिखल, आभाळापर्यंत. एक दिवस मी धोतर खोचलं आणि निघालो. आमच्या खाडीत चिखलातच मोठा झालो, मला काय होतंय. शिंपल्या वेचत बराच आत गेलो. मान वर केली तर गाव नाही. बांध नाही. धुकं कधी आलं कळलंच नाही, कुणी तोंडावर गोधडी टाकावी तसं. मी वळलो आणि चालायला लागलो, तर मागच्या बाजूला पाणी. आमच्याकडे भरती समोरून येते. तिथं ती चिखलातल्या नाळींतून, चरांतून गुपचूप मागे येते आणि वाट बंद करते. मी दुसरीकडे वळलो. तिथंही पोटऱ्यांपर्यंत पाणी. कुलदेवीचं नाव घेतलं, तेही पुरतं तोंडातून निघेना.

तेवढ्यात ठण ठण आवाज आला. लोखंडावर लोखंड. मी त्या रोखानं चालत राहिलो. पाणी मांड्यांना लागलं. आणि धुक्यातून नारिंगी रंग दिसला. हारो. कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक मेंढ्यांच्या कुंपणाला, एका हातात डबा, दुसऱ्यात हातोडी. दोर संपेल तिथपर्यंत तो पाण्यात आला होता. मला धरलं तेव्हा पाहिलं तर तो माझ्यापेक्षा जास्त थरथरत होता. दात वाजत होते. बांधावर बसवल्यावर त्यानं एकच वाक्य म्हटलं, ते मी पाठ करून घरी प्राजक्ताला सांगितलं, तिनं दोनदा म्हणून घेतलं आणि अर्थ सांगितला.

"जो भितो तो म्हातारा होतो."

पुढच्या उन्हाळ्यात गेलो तर गावात निराळीच हवा. मोठ्या बंदराला जहाजं जातात त्यांचा पाण्यातला रस्ता सरकार बदलणार होतं. खोल करायचा आणि गावाच्या बाजूला ओढायचा, म्हणजे मोटारींची मोठी जहाजं कुठल्याही पाण्याला, भरती असो की सुकती, आत येतील. ही जहाजं मी पाहिली आहेत. खिडक्या नसलेली इमारत आडवी करून पाण्यात सोडावी, तशी. आता गावाची अडचण अशी. गावात शिरायची खाडी लहान. सुकतीला तिच्यात पाणी नसतं, म्हणून परतलेल्या बोटी खाडीच्या तोंडाशी थांबून भरतीची वाट बघतात. गेशे रोज तिथंच थांबायची. आणि नवा रस्ता त्या तोंडाच्या अगदी जवळून जाणार होता. हारोला जेवण जाईना. तो दिवसातून कितीदा तरी बांधावर जाऊन त्या जागेकडे बोट दाखवायचा आणि मग तेच बोट मिटून मुठीत धरायचा.

त्यात सरकारचं अनुदान आलं. प्राजक्ता त्याला फ्योर्डरुंग म्हणायची. रस्ता ठरवताना काठावरच्या लोकांनी, त्यातही मूळच्या फ्रीझ लोकांनी, बैठकीत बसावं म्हणून पैसे. बैठकीच्या दिवशी बोट उभी राहिली तर त्याची भरपाई, आणि नकाशे समजून घ्यायला आपला स्वतःचा जाणकार नेमायची सोय. गेशेला ते पाहिजे होतं. कोळ्यांच्या वतीनं सही हारोची लागत होती, तो सगळ्यांत वडील म्हणून. त्याबद्दल विचारायला बापलेक आमच्या स्वयंपाकघरात आली. पोहे केले होते. हारोनं मिरच्या एकेक करून बशीच्या कडेला लावल्या, त्यांनाही तो भीत होता.

मी प्राजक्ताला विचारलं, पैसे कशाचे म्हणतात ते? ती म्हणाली, "बेटायलिगुंग. म्हणजे पार्टिसिपेशन. सहभाग." मी म्हणालो, ते व्याख्यानातलं नको, घरातलं सांग. ती विचारात पडली. "हं, त्यातलं टाइल म्हणजे भाग. वाटा. वाटा घेणं, असंच होईल बघा शब्दशः."

वाटा म्हटल्यावर मला काही विचारायचं राहिलं नाही. मी हारोला सांगितलं, आमच्याकडे होडीवर पगार नसतो, वाटा असतो. आणि ज्याचा वाटा घेतला त्याच्या होडीत बसलात. मग तांडेल नेईल तिकडे जायचं. अर्ध्या पाण्यात मी नाही म्हणता येत नाही.

प्राजक्ता सांगून संपवायच्या आधीच हारोचा चेहरा पांढरा झाला. त्यांच्या बोटींवरही तीच रीत होती, वाट्याची. त्यानं बशी सरकवली.

गेशे भडकली. ती जे बोलली ते प्राजक्तानं मला सगळं सांगितलं नाही, पण शेवटचं सांगितलं. "तुम्ही दोघे म्हातारे मिळून माझी बोट खुंट्याला बांधा. मग दोघेही सुखानं झोपाल." प्राजक्ता मला म्हणाली की बाबा, तसा अर्थ नाही हो त्याचा, अनुदान घेतलं म्हणून रस्त्याला होकार दिला असं होत नाही. मी म्हणालो, शब्द तू सांगितलास, अर्थ मला ठाऊक आहे. आजही माझं म्हणणं तेच आहे.

रात्री महेश आला. त्याला कळलं होतं. म्हणाला, "बाबा, मी त्याच जहाजांवर पोट भरतो. ऑफिसात मी काय सांगू?"

"पोट माझंही भरतोस," मी म्हटलं. "म्हणून तोंड शिवून घेऊ काय?"

मग तो जेवलाही कमी.

बैठक भरली बंबवाल्यांच्या हॉलमध्ये. आग विझवायच्या गाड्या बाहेर काढून खुर्च्या मांडल्या होत्या. समोर सरकारी बाई, वयानं लहान, बोलायला नम्र. तिच्याबरोबर दोन साहेब. एका बाजूला बंदराची माणसं, त्यांत महेश, माझ्याकडे न बघता बसलेला. प्राजक्ता माझ्या कानाशी. बाईंनी अनुदानाचं सांगितलं आणि हारोला बोलायला बोलावलं. तो उठला. जाकीट अंगातच. खुर्चीची पाठ त्यानं इतकी घट्ट धरली की खुर्ची कुरकुरायला लागली. मागून कुणीतरी खोकलं. मला वाटलं हा आता खाली बसणार.

मग तो म्हणाला, "तुमचा वाटा मी घेतो. पण फुकट वाटा मी कुणाचा घेत नाही. माझ्याकडे द्यायला भीतीच आहे. तिचा वाटा तुम्ही घ्यायचा."

हॉलमध्ये हसू पिकलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं की म्हणजे काय करायचं. हारो म्हणाला, बोटीवर या, खाडीच्या तोंडाशी, पाणी उतरलेलं असताना.

आणि त्या आल्या, हे त्यांचं मोठेपण. दोन साहेब आले. बंदराच्या वतीनं महेशला पाठवलं. सुकाणूवर गेशे. हारोनं मला हाताला धरून बोटीवर घेतलं आणि जाकीट घातलं, पट्टे स्वतः ओढले, मला श्वास घेता येईना इतके.

खाडीच्या तोंडाशी जाऊन थांबलो. वारा नाही. पाणी सपाट, राखाडी. साहेब लोक एकमेकांना नकाशा दाखवत होते. लांबून मोटारींचं एक जहाज येताना दिसलं, जुन्या रस्त्यानं. आवाज काही नाही, नुसतं मोठं होत जाणारं. हारो डोलकाठीच्या बुडाशी बसला आणि त्यानं तिला दोन्ही हातांनी मिठी घातली. गेशे ओरडली की सगळ्यांनी काहीतरी धरा. मी म्हटलं, एवढ्यात कशाला, जहाज तर कुठे लांब आहे.

मग पाणी निघून गेलं.

याहून नीट मला सांगता येत नाही. लाट आली असती तर लाट मी ओळखतो. हे उलटं होतं. जहाजानं आपल्या अंगाखाली पाणी ओढून घेतलं आणि आमच्या बोटीखालचं पाणी त्याच्याकडे पळालं. दोन्ही बाजूंना काळा चिखल उघडा पडला, चमकायला लागला. बोट धाडकन तळावर बसली आणि कलली. नकाशा उडाला. एक साहेब गुडघ्यांवर पडला. महेश घसरत माझ्या अंगावर आला आणि त्यानं माझा सदरा पकडला. "बाबा," म्हणाला. लहानपणी होडीत प्रथम बसवला तेव्हा म्हणाला होता, त्याच आवाजात. मी त्याला एका हातानं आवळला, दुसऱ्यानं कठडा. कललेल्या बोटीतून समोर पाहिलं तर ती लोखंडी भिंत आभाळ झाकून चाललेली, आणि वर एकही माणूस दिसत नव्हता. मग ते पळालेलं पाणी परत आलं. बोटीवरून गेलं. तोंडात, नाकात खारट. मी आयुष्यात दोन वादळं पाहिली, पण त्यांत माझं पोरगं माझ्याबरोबर नव्हतं. मी भ्यालो. लिहितो तसंच.

बोट उभी राहिली. गेशेनं चाक सोडलं नव्हतं, तिच्या कपाळाला खोक पडली होती. बाई केबिनच्या दाराला चिकटून उभ्या, ओठ निळे. हारोनं डोळे उघडले, आधी गेशेला पाहिलं, आणि मग त्या बाईंना हळूच म्हणाला, जसं काही त्यांची माफी मागतो आहे.

"हे लहान होतं. आणि लांबून गेलं."

धक्क्यावर महेशनं मला उतरायला हात दिला, तो बराच वेळ सोडला नाही. त्याच आठवड्यात हारोनं सही केली. पुढची काही वर्षं गेशेनं बैठका सोडल्या नाहीत. जाणकार नेमला, भांडली, बोट उभी ठेवून पुन्हा भांडली. तरी रस्ता व्हायचा तो झालाच. पण गावापासून जरा पलीकडे सरकला, आणि खाडीच्या तोंडासमोर जहाजानं वेग मारायचा, म्हणजे कमी करायचा, असा नियम आला. गावानं बिअर पिऊन आनंद केला. हारोनं घेतली नाही. मी विचारलं, आता काय? त्यानं प्राजक्ताला सांगितलं की ती बाई बदलून गेली. नवी आली आहे. चांगली आहे म्हणतात. पण तिला कुठे वाटा मिळालाय?

मी तिथं पाहिलेला तो शेवटचा उन्हाळा. माझी निघायची सकाळ होती. नव्या रस्त्यानं मोठं जहाज पहिल्यांदा त्याच दिवशी यायचं होतं. बॅगा गाडीत टाकून मी बांधावर गेलो. हारो तिथं होताच. गेशेची बोट खाडीच्या तोंडाशी उभी, नखाएवढी. हारोनं माझा दंड धरला. जहाज आलं, मी पाहिलेल्या सगळ्यांत मोठं. ते पुढं पुढं येत राहिलं आणि माझ्या दंडात त्याची बोटं रुतत गेली. मग जहाजाच्या नाकाशी फुटणारा पांढरा फेस कमी झाला. वेग मारला होता. गेशेची बोट हलली, डोलली, आणि उभी राहिली. जहाज गेलं.

मी म्हटलं, "झालं की रे. बघ, हळू झाला तो." मराठीतच म्हटलं, त्याला कळलं. त्यानं मान हलवली आणि क्षितिजाकडे बोट केलं. तिथं दुसरा ठिपका उगवला होता. त्यानं बोट कपाळाला लावलं, मग त्या ठिपक्याकडे, मग दोन्ही तळवे उघडून मला दाखवले. त्या जहाजातला माणूस कोण, त्याच्या डोक्यात काय आहे, कुणाला ठाऊक.

खालून महेशनं गाडीचा हॉर्न दिला. विमान चुकलं असतं. त्यानंतर माझे गुडघे गेले, तिकडे जाणं झालं नाही. प्राजक्ता फोनवर सगळ्यांची खुशाली सांगते. हारोचं मी विचारत नाही, आणि ती आपणहून सांगत नाही.

बांध उतरताना मी त्याला हाक मारली. तो वळला नाही. नजर काढली तर तेवढ्यात काही होईल, असं त्याला वाटत असणार. मी दुसरी हाक मारली नाही. मलाही तसंच वाटलं.